जिरायत, बागायत आणि पहिला हॅमॉक

पहिला हॅमॉक घ्यायला निघालेला माणूस दुकानात किंवा मोबाईलवर सहसा तीन गोष्टी विचारतो: किती किलो पेलतो, केवढ्याला पडतो आणि मच्छरदाणी लागून येते का. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं कुठल्याही गावात सारखीच मिळतात आणि हॅमॉक ही वस्तू तर मुलखागणिक बदलते. तंबूला सपाट जमीन पुरते. हॅमॉकला ठरावीक अंतरावर उभी असलेली, ठरावीक जाडीची, जिवंत आणि मोकळी अशी दोन झाडं लागतात. या विषयावरचा बहुतेक छापील सल्ला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरातल्या दाट जंगलांत मुरलेला आहे. तिथे झाड शोधावं लागत नाही. आपल्याकडचा सल्ला पवना, मुळशी, ताम्हिणी या घाटमाथ्याच्या पट्ट्यातून येतो, जिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. तिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरवर अवलंबून असतो, आणि तो चुकला की वर्ष चुकतं. घाटमाथ्याच्या सल्ल्याने या भागात हॅमॉक घेणाऱ्याचे पैसे चुकीच्या जागी खर्च होतात. इथे निवडीचा क्रम उलटा लावावा लागतो: आधी झाड, मग हंगाम, मग पट्टे आणि पाठीखालची ऊब, आणि ज्याच्यावर सगळी चर्चा झडते ते कापड सगळ्यात शेवटी. शिवाय या दोन तालुक्यांच्या जवळजवळ अर्ध्या भागात हॅमॉक न घेणं हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो, हेही मोकळेपणाने सांगायला हवं.

बारामतीकर आपला तालुका बोलताबोलता दोन भागांत वाटून टाकतात: बागायती आणि जिरायती. दक्षिणेला नीरा नदी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागलेला नीरा डावा कालवा. त्याच्या पाण्यावर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या साखर कारखान्यांचा ऊस उभा राहिला. उत्तरेला सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ हा मुरमाड, उथळ जमिनीचा, पावसावर जगणारा भाग. इंदापुरातही हेच: एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, आणि मधे कडबनवाडीसारखे माळ. हॅमॉकचा प्रश्नही नेमका याच रेषेवर दुभंगतो.

जिरायती माळावर झाडं विरळ असतात, याकडे उणीव म्हणून बघण्याची आपल्याला सवय लागली आहे. सरकारी दप्तरातही असे माळ दीर्घकाळ पडीक म्हणून नोंदले गेले आणि त्यांवर गिरिपुष्प, सुबाभूळ यांची लागवड झाली. खरं तर गवताळ माळ ही आपल्या परीने पूर्ण परिसंस्था आहे. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल हे सगळे मोकळ्या जागेचे जीव आहेत. सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य 1997 साली चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालं; क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. 2024 मध्ये वनविभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडी या परिसरांत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, त्यामुळे पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्यातच ‘एक रात्र माळावर काढू’ म्हणणारेही वाढले. त्यांना उत्तर सरळ आहे. अभयारण्यात आणि राखीव वनात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, मग झोपायचं साधन कुठलंही असो. वनहद्दीबाहेरच्या खासगी माळावर मालकाच्या संमतीने थांबता येईल, पण तिथे हॅमॉक बांधायला असतं काय? एखादा हिवर, बांधावरची एकटी बाभूळ, आणि ओढ्याकाठी वेड्या बाभळीचं जाळं, ज्याचं एकही खोड मनगटापेक्षा फारसं जाड नसतं. एकट्या झाडाला हॅमॉक बांधता येत नाही, आणि दोन झाडं हवीत म्हणून माळावर रोपं लावत सुटणं म्हणजे ज्यासाठी आलो तेच पुसून टाकणं. ज्याच्या मनात मुख्यतः हे माळ आहेत, त्याने हॅमॉकचा विचार सोडून हलका तंबू किंवा गावात राहण्याची सोय बघावी.

बागायती भागात चित्र वेगळं आहे. कालव्याच्या कडेला, विहिरीजवळ, वस्तीभोवती आणि जुन्या बांधांवर चांगली वाढलेली झाडं सापडतात. तरी त्यांतलं प्रत्येक झाड कामाचं नसतं. कडुनिंब, चिंच, करंज ही भरवशाची. गावठी बाभूळही भरवशाची. तिच्या लाकडाची बैलगाडी आणि औतं होत आली, म्हणजे ताण सोसण्याची तिची परीक्षा कधीच झालेली आहे. मात्र तिच्याखाली सुके काटे पडलेले असतात आणि घडी उलगडताना कापड जमिनीला टेकलं की पहिल्याच दिवशी त्याला भोक पडतं, म्हणून बाभळीखाली हॅमॉक पिशवीतून थेट हवेत उलगडायचा. शेवग्याला कधीही बांधू नये. त्याची फांदी नुसत्या वाऱ्यानेही मोडते. नारळाखाली झोपण्याचा मोह चित्रांमुळे होतो, पण नारळ आणि झावळी पडताना आवाज देऊन पडत नाहीत. वडाचं खोड उत्तम, फक्त आधी मान वर करून आग्या मोहोळ आहे का हे पाहावं, आणि दिसलं तर धूर, शेकोटी, मोठा दिवा यांतलं काहीही न करता दुसरं झाड गाठावं. साधारण मोजमाप असं की खोड निदान वीतभर व्यासाचं हवं, जिवंत हवं, आणि वर वाळलेली फांदी लटकत नसावी.

आता अंतराचं गणित. पुढची सगळी निवड त्यावर ठरते. मोठ्या माणसाला आरामात झोपता यावं असा साधा, दोन्ही टोकांना चुणलेला हॅमॉक अकरा फूट लांबीचा असतो. तो टांगल्यावर मधे झोळ पडतो, त्यामुळे दोन टोकांमधलं सरळ अंतर नऊ फुटांच्या आसपास राहतं. बसण्याची जागा खुर्चीइतकी, दीड फूट उंचीवर ठेवली तर टोकं जमिनीपासून साडेचार फुटांवर येतात. पट्टा जमिनीशी तीस अंशांचा कोन करून झाडाकडे चढला पाहिजे; म्हणजे आडवं सात फूट गेलं की उभं चार फूट. झाडं तेरा फुटांवर असतील तर पट्टा साडेपाच फुटांवर बांधावा लागतो, उभ्याने हात सहज पोचतो. आता हेच बागेत लावून पाहा. नारळ साधारण पंचवीस फुटांवर लावतात. तिथे पट्टा नऊ फुटांवर न्यावा लागेल, म्हणजे शिडी आणावी लागेल. आंब्याची जुनी लागवड तेहतीस फुटांवर असते. तिथे तर अकरा फुटांवर. इंदापूरच्या डाळिंबाच्या बागा मात्र ओळीत दहा आणि दोन ओळींत पंधरा फूट अशा अंतराच्या, हॅमॉकसाठी जणू मापून लावलेल्या. पण डाळिंब हे झुडूप आहे, त्याचं खोड माणसाचं वजन घेऊ शकत नाही, आणि बागायतदाराला ही कल्पना ऐकवूही नये. द्राक्षाच्या मांडवाचे खांब तारांच्या ताणावर बेतलेले असतात, त्यांनाही हात लावू नये. हिशेब केल्यावर कळतं की बागायती भागातसुद्धा हॅमॉकयोग्य जोड्या बागेत कमी आणि कालव्याकाठी, बांधावर, घराच्या परड्यात जास्त मिळतात, आणि त्यांची अंतरं कुणी आखलेली नसल्यामुळे दहापासून वीस फुटांपर्यंत कशीही असतात. म्हणून इथे लांब पट्टे लागतात. हॅमॉकबरोबर फुकट मिळणारे पाच-सहा फुटांचे दोर दाट जंगलात भागवून नेतात, इथे नाही. एकेका बाजूला दहा-बारा फुटांचा, फंदे शिवलेला पट्टा घेतला की बांधावरची बहुतेक झाडं आवाक्यात येतात.

कोनाचा आग्रह हा शौकिनांचा चोखंदळपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेतलं भौतिकशास्त्र आठवावं. सत्तर किलोचा माणूस हॅमॉकमध्ये पडला आणि पट्टे तीस अंशांवर असले तर प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोचाच ताण येतो. कोन दहा अंशांवर आणला की तोच ताण दोनशे किलोंवर जातो. पाच अंशांवर चारशे किलो. ‘झोळ नको, खाटेसारखं सपाट हवं’ म्हणून दोर खेचून खेचून बांधणारा माणूस स्वतःच्या हाताने ताण तिपटीने वाढवत असतो, आणि बदल्यात त्याला सपाट झोपही मिळत नाही. ताणलेलं कापड दोन्ही बाजूंनी आवळतं आणि खांदे दाबून धरतं. वेष्टनावर छापलेला दोनशे किंवा तीनशे किलोंचा आकडा सगळं नीट बांधलं आहे आणि वजन अलगद ठेवलं आहे असं धरून दिलेला असतो. धपकन बसणं, झोके घेणं, दोघांनी एकदम चढणं त्यात धरलेलं नसतं. हाच हिशेब फार्महाऊसच्या पडवीलाही लागू आहे. सिमेंट काँक्रीटच्या घट्ट खांबाला हॅमॉक बांधता येतो, नुसत्या विटांच्या खांबाला कधीही नाही. वीटकाम वरून येणारा भार पेलतं, आडव्या ओढीपुढे ते उभं राहत नाही, आणि खांब पडतो तो झोपलेल्याच्याच अंगावर. जगभर हॅमॉकमुळे झालेल्या गंभीर अपघातांत हा प्रकार वारंवार दिसतो.

झाडाच्या बाजूने पाहिलं तरी पट्टाच निर्णायक ठरतो. नाडा, कासरा किंवा नायलॉनची सोल खोडाला वेढली की ताण बोटभर रुंदीत एकवटतो, साल चेपते आणि सालीखालचा, अन्नरस वाहून नेणारा थर जखमी होतो. इंचभर किंवा त्याहून रुंद सपाट पट्टा तोच ताण पसरवतो. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टरचा पट्टा बरा, कारण नायलॉन रात्रभरात लांबतो आणि दीड फुटांवर झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. परदेशी नावाचा महाग पट्टा मिळाला नाही म्हणून अडत नाही. ट्रकमधला माल आवळायला वापरतात ते दोन इंची पॉलिएस्टरचे बेल्ट एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावात मिळतात. त्यांची लोखंडी कळ काढून टाकली आणि टोकाला मजबूत फासा शिवून घेतला की काम होतं. वजनाला थोडे जड पडतात, पण मोटारसायकलवरून किंवा गाडीतून येणाऱ्याला त्याची काय तमा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘टांगून झोपणं आमच्या शिवारात नवीन नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि फडाच्या कडेला झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकरू निजवतात. त्याला ना कुठला ब्रँड लागतो ना कोन. मग हे सगळं सोंग कशाला?’ झोळीची साक्ष इथे मोलाची आहे आणि ती नीट ऐकली तर वरच्याच मुद्द्यांना पुष्टी देते. झोळी कधी ताणून बांधलेली दिसत नाही; ती खोल, सैल असते, आणि म्हणूनच पोर कुशीत धरल्यासारखं स्थिर राहतं. ती जमिनीपासून उचललेली असते कारण खाली मुंग्या, विंचू आणि पाचट असतं. कापड सुती आणि रुंद असतं. नऊवार लुगडं दुहेरी केलं तर साडेतेरा फूट भरतं, आणि टोकांच्या गाठींत जाणारा भाग वजा केला तर मोठ्या माणसाच्या हॅमॉकचं मापही जवळपास तेवढंच येतं! एकेरी सोलापुरी चादर मात्र साडेसात फुटांची. तिची झोळी मोठ्या माणसाला पुरत नाही, कितीही घट्ट विणीची असली तरी. तेव्हा घरच्या परड्यात, दुपारच्या वामकुक्षीपुरता ज्याला झुलायचं आहे, त्याने जाड सुती कापड अकरा-बारा फूट आणावं, टोकं चुणून बांधावीत आणि पट्ट्यांवर खर्च करावा. फरक पडतो तो वजनात. लेकराचा भार पाच-सात किलोंचा असतो, आणि शेजारी आई राबत असते. सत्तर किलोंचा भार रात्रभर, कुणी लक्ष ठेवणारं नसताना, विरलेल्या लुगड्यावर आणि निरगाठीवर सोडणं हा वेगळाच जुगार आहे. आणि उलट दिशेने एक ताकीद: मोठ्यांचा नायलॉनचा हॅमॉक लहान मुलांच्या झोळीसाठी वापरू नये. त्याचं कापड निसरडं असतं, गुंडाळलं जातं, आणि आत अडकलेल्या मुलाला ते सोडवता येत नाही.

आता हंगाम. दुकानदार हा विषय सहसा काढत नाही, आणि निवड तर त्यानेच सगळ्यात जास्त बदलते. या भागात हॅमॉक कधी बांधायचा? सहज सुचतो तो उन्हाळा, कारण रात्री घरात उकडतं आणि चाळिशी ओलांडलेल्या दिवसानंतर मुरूमही रात्री उशिरापर्यंत धग सोडत असतो. खालून वारा लागणारं अंथरूण तेव्हा सुखाचं वाटेल यात शंका नाही. पण मे महिना आला की वळीव येतो, आणि तो येतो विजा आणि वावटळ घेऊन. मोकळ्या रानात उंच झाडाखाली असणं ही विजेच्या वेळी सगळ्यात वाईट जागा, आणि हॅमॉक माणसाला नेमका त्याच जागी बांधून ठेवतो. तंबू निदान झाडापासून दूर लावता येतो. परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हीच भीती पुन्हा असते. वर ताडपत्री बांधली तर पाऊस अडेल, वीज अडणार नाही. मार्च-एप्रिलच्या स्वच्छ रात्री सोडल्या तर या मुलखाचा हॅमॉकचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उरतो. योगायोगाने भिगवण-कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित आणि पट्टकादंब पाहायला माणसं येतात तेही याच महिन्यांत.

आणि हिवाळ्यात हॅमॉक थंड असतो, वाटतो त्यापेक्षा खूप जास्त. जमिनीवर झोपलेल्याच्या पाठीखालची हवा अडलेली असते. टांगलेल्याच्या पाठीखालून ती सारखी वाहते आणि अंगाची ऊब घेऊन जाते. स्लीपिंग बॅग असली तरी पाठीखालचा तिचा कापूस वजनाने चेपतो आणि चेपलेल्या कापसात ऊब साठत नाही. बारामती-इंदापुरात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. कालव्याकाठी आणि धरणाकाठी गारठा आणखी बोचतो. अशा वेळी महागडा हॅमॉक आणि दीड हजाराची बॅग असलेला माणूस पहाटे तीनला उठून बसतो, आणि साधा हॅमॉक व पाठीखाली नीट थर असलेला माणूस झोपतो. तो थर कापडाच्या आत टाकण्यापेक्षा बाहेरून, खालच्या बाजूला, सैलसर टांगणं उत्तम, कारण बाहेर तो चेपत नाही. परदेशी शौकीन त्यासाठी पिसांची खास रजई घेतात. आपल्याकडे धनगरांचं घोंगडं आहे. दख्खनी मेंढीच्या खरबरीत लोकरीचं हे विणकाम वारा बऱ्यापैकी अडवतं आणि दवाने ओलसर झालं तरी ऊब पूर्ण सोडत नाही. त्याच्या चार कोपऱ्यांना दोरीचे फासे घालून ते हॅमॉकखाली, पाठीला जेमतेम टेकेल असं अडकवलं की काम होतं. अगदी सैल सोडलं तर मधून वारा शिरतो, ताणलं तर पुन्हा चेपतं. जड आहे, पाठीवर वाहून डोंगर चढायला ते कुणी घेणार नाही. पण इथे डोंगर चढायचाच नाही. घोंगडं नसेल तर फोमची घडीची चटई आत घालावी. सरकते, घाम धरते, पण थंडी अडवते. वाकळ किंवा गोधडी खाली टांगली तर वजनाने लोंबते आणि दव पिते.

डासांचा मुद्दा बागायतीत दुय्यम मानता येत नाही. ऊस, पाटपाणी, साचलेली डबकी यांनी त्यांची सोय केलेली आहे, आणि हिवाळ्यातही संध्याकाळी ते असतातच. मच्छरदाणी वरून घेतली तरी एकेरी पातळ नायलॉनमधून डास खालून चावतात, हे अनेकांना पहिल्या रात्री कळतं. खाली घोंगडं असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो, ऐन थंडी नसेल तेव्हा दुहेरी कापडाचा हॅमॉक लागतो. ज्याला एकाच खरेदीत सगळं आटपायचं आहे त्याने जाळी शिवलेला, चेन लावायचा प्रकार घ्यावा; पण चेन दोन्ही अंगांनी पूर्ण उघडून जाळी एका बाजूला टाकता येते ना, हे पाहूनच.

या सगळ्यातून कापडाची निवड आपोआप आकसते. दोन टोकांना लाकडी दांडी असलेला, जाळीचा हॅमॉक हा बागेतल्या फोटोंसाठी आहे. दांडीमुळे झोपणाऱ्याचा भार वर येतो आणि कूस बदलताच तो उलटतो. रात्रीच्या झोपेसाठी तो सरळ बाद. सुती हॅमॉक पडवीत छान, उघड्यावर दवाने जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. उरतो तो नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, दोन्ही टोकं चुणलेला हॅमॉक. त्यात लांबी अकरा फूट हवी. बाजारात सहज मिळणारे नऊ-दहा फुटी हॅमॉक बसायला ठीक, झोपायला तोकडे. रुंदीवर ‘दोघांसाठी’ असं लिहिलेलं असतं ते दुर्लक्षून एकट्यासाठी तोच घ्यावा, कारण सगळी मेख तिरकं झोपण्यात आहे. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला नेले की कापड पाठीखाली जवळजवळ सपाट होतं आणि अंगाला केळीचा बाक येत नाही. ‘हॅमॉकमध्ये पाठ धरते’ ही तक्रार बहुतांशी ताणून बांधलेल्या, अरुंद कापडात सरळ झोपल्याने येते. पोटावर झोपणाऱ्याला मात्र कुठलाही हॅमॉक समाधान देणार नाही, त्याने पैसे वाचवावेत. उन्हाबद्दल एक सूचना: नायलॉन कडक उन्हात कमकुवत होत जातं. पडवीबाहेर महिनोन्‌महिने टांगून ठेवलेला हॅमॉक दिसायला धड असला तरी भरवशाचा राहत नाही. वापरून झाला की पिशवीत.

मग तंबूच का नको, हा शेवटचा आणि खरा आक्षेप. तंबू माळावर चालतो, विजेच्या वेळी हलवता येतो, त्यात दोघं मावतात, आणि झाडांचं गणित करावं लागत नाही. हे सगळं मान्य. हॅमॉकच्या बाजूने इथे एक कारण मात्र भक्कम आहे: जमीन. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. चाव्याला फारशी सूज-वेदना नसल्याने पहाटे पोटात दुखू लागेपर्यंत कळतही नाही. मुरमाड जमिनीत फुरसं आणि लाल विंचू असतात. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून ते मृत्यू कमालीचे घटवले, पण औषध निघालं म्हणून विंचू घटलेले नाहीत. चांगल्या, तळ शिवलेल्या तंबूची चेन लावून झोपणाऱ्याला हे भय नाही. उघड्यावर सतरंजी टाकून झोपणाऱ्याला आहे, आणि आपल्याकडे शेतात रात्र काढणारे बहुतेक तसेच झोपतात. त्यांच्यासाठी दीड फुटांची उंची ही चैन ठरत नाही. अट एवढीच की रात्री उतरताना बॅटरी लावल्याशिवाय पाय खाली सोडायचा नाही आणि बूट जमिनीवर न ठेवता वरच्या दोरीला अडकवायचे. बिबट्याबद्दल विचारणा होतेच. जुन्नरइतका नसला तरी उसाच्या पट्ट्यात तो आता इकडेही दिसू लागला आहे. म्हणून उसाला लागून, एकट्याने, वस्तीपासून दूर हॅमॉक बांधू नये. या बाबतीत कापडाचा तंबू काही वेगळं संरक्षण देत नाही.

जागेचा हक्क कुणाचा, हेही पाहावं लागतं. कालव्याची आणि उजनीची संपादित जमीन जलसंपदा विभागाची, बांध शेतकऱ्याचा. हिवाळ्यात फडाजवळचं सावलीचं झाड बहुधा एखाद्या टोळीने धरलेलं असतं. त्याला झोळी बांधलेली असेल किंवा सायंकाळी बांधली जाणार असेल. तिथे पट्टा गुंडाळायला जाऊ नये. कृषी पर्यटनाचे महाराष्ट्रातले सुरुवातीचे प्रयोग याच बारामती तालुक्यात, पळशीवाडीत झाले आणि 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं; अशा केंद्रावर मालकाला विचारून, त्याने दाखवलेल्या झाडाला पहिली रात्र बांधून पाहणं सगळ्यात सोपं. पट्टे, मापाची फीत आणि सुती कापड एवढंच नेलं तरी चालतं. रात्र नीट गेली, पाठ धरली नाही आणि पहाटे थंडी कुठून शिरते ते कळलं, की नायलॉनच्या कापडावर किती खर्च करायचा हे ठरवायला दुकानदाराची गरज उरत नाही. आणि रात्र नीट गेली नाही तर पट्टे ट्रॅक्टरला कामाला येतात, कापडाची खोळ शिवता येते.